एटना पर्वतावरील द्राक्षबागा : सेंद्रिय व कोशर मद्यापासून घ्यावयाचा धडा

शेतमालाची किंमत दोन गोष्टींवर ठरते : एक मालाचा गुण व दुसरी त्या गुणाविषयीं गिऱ्हाइकाची खात्री. गुण आणणें शेतकऱ्याच्या हातीं असतें. परंतु खात्री पटविण्यासाठीं त्यास परक्या माणसाची तपासणी व त्याचा दाखला पत्करावा लागतो. हा दाखला कोणत्या मोलानें मिळतो याचें एक बोधप्रद उदाहरण इटली देशांत पाहावयास सांपडतें. तेथें उंच डोंगरावर पिकलेल्या, सेंद्रिय पद्धतीनें वाढविलेल्या द्राक्षांपासून यहुदी धर्मशास्त्रास मान्य, म्हणजे 'कोशर', असें तांबडें मद्य करावयाचें झाल्यास शेतकऱ्यावर कोणकोणतीं बंधनें येतात, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. वाचकांनीं यांतील शेतीचा व व्यवहाराचा भाग तेवढा घ्यावा.

१. जागा व हवा

डोंगरी द्राक्षशेतीचा नमुना म्हणून आपण एटना पर्वत घेऊं. हा सिसिली बेटाच्या पूर्व भागांतील जागृत ज्वालामुखी असून त्याची उंची ३३०० मीटरांहून अधिक आहे. द्राक्षबागा बहुतेक ४०० ते १००० मीटर, म्हणजे सुमारें १३०० ते ३३०० फूट उंचीवर आहेत. आपल्या महाबळेश्वराची उंची सुमारें ४४०० फूट आहे, यावरून वाचकांस अदमास करतां येईल. उत्तर उतारावरील रांदात्सो, लिंग्वाग्लोस्सा व कास्तिल्योने हीं गांवें या पिकाविषयीं विशेष प्रसिद्ध आहेत.

उंचीचा लाभ काय? दर १००० मीटर चढल्यावर उष्णमान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें. सिसिलीचा उन्हाळा कडक असला तरी डोंगरावर रात्री गार असतात. दिवसाच्या उन्हानें साखर भरते व रात्रीच्या गारव्यानें फळांतील आंबटपणा टिकून राहतो. फळ सावकाश पिकतें, त्यामुळें सालीस रंग व रसास वास चांगला येतो. तेथील मुख्य जात नेरेल्लो मास्कालेसे ही असून तिची तोडणी बहुधा ऑक्टोबरांत होते. 'एटना तांबडें' या नांवाच्या मद्यास १९६८ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें, व त्यांत या जातीचीं द्राक्षें शेंकडा ८० तरी असलीं पाहिजेत असा नियम आहे. ठराविक गांवांबाहेरच्या मालास तें नांव लावतां येत नाहीं.

२. जमीन व मशागत

जमीन ज्वालामुखीच्या राखेची व झिजलेल्या लाव्हाची, वाळूसारखी मोकळी आहे. पाणी साचत नाहीं हा पहिला फायदा. दुसरा फायदा याहून मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा नांवाच्या मुळांवरील किडीनें युरोपांतील द्राक्षबागांचा संहार केला, व तेव्हांपासून अमेरिकन खुंटावर कलम बांधून लागण करण्याचा प्रघात पडला. परंतु वाळूसर जमिनींत या किडीस हिंडतां येत नाहीं. म्हणून एटनाच्या कांहीं शेतांत शंभर वर्षांहून जुने, कलम न केलेले वेल अद्याप उभे आहेत.

जुन्या पद्धतींत वेल मांडवावर चढवीत नाहींत. एका खांबाच्या आधारानें त्यास लहान झाडासारखा आटोपशीर ठेवतात. नाशिककडे वर्षांतून दोन छाटण्या कराव्या लागतात. तेथें हिवाळ्यांत वेल पानें टाकून निद्रिस्त होतो, म्हणून मुख्य छाटणी एकदांच पुरते. उतारावर माती धरून ठेवण्यासाठीं चुन्यावांचून रचलेल्या लाव्हाच्या दगडांच्या ताली आहेत. अशा ताली रचण्याच्या कलेस संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें २०१८ सालीं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु या मानानें ताल दुरुस्त होत नाहीं! पावसानें कोसळलेला दगड माणसानेंच उचलून बसवावा लागतो. अरुंद पायऱ्यांवर यंत्र चालत नाहीं, मजुरी सपाटीच्या मानानें फार पडते व उत्पन्न कमी येतें. म्हणून असा शेतकरी स्वस्ताईच्या चढाओढींत कधींच टिकणार नाहीं. माल चढ्या भावानें विकला गेला तरच त्याची ताल उभी राहील. नाहीं तर जमीन टाकून शहराकडे जाणें एवढाच मार्ग उरतो. दाखल्यांची आवश्यकता त्यास येथून उत्पन्न होते.

३. सेंद्रिय दाखला

युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें द्राक्षासारख्या बहुवर्षायु पिकांत, फळास सेंद्रिय म्हणण्यापूर्वीं जमीन निदान तीन वर्षें नियमाखालीं असावी लागते. या काळांत खर्च व श्रम सेंद्रिय शेतीचे, परंतु भाव मात्र साधा. रासायनिक खत वर्ज्य असल्यामुळें शेणखत घालतात, व ओळींमध्यें घेवड्याच्या जातीचीं पिकें पेरून तीं हिरवळीचें खत म्हणून गाडतात.

रोगांपैकीं भुरीवर गंधक चालतो. केवड्यावर बोर्डो मिश्रण चालतें, पण त्यास मर्यादा आहे. तांबें जमिनींतून नाहींसें होत नाहीं, सांचत जातें. म्हणून सात वर्षांत दर हेक्टरीं २८ किलो, म्हणजे वर्षास सरासरी ४ किलोच तांबें वापरतां येतें. हा हिशेब आपल्या बागाइतदारांनीं करून पाहण्यासारखा आहे. मोरचुदांत तांबें सुमारें चौथा हिस्सा असतें; तेव्हां ४ किलो तांबें म्हणजे १६ किलो मोरचूद, अर्थात् एकरीं सुमारें साडेसहा किलो. शेंकडा एक प्रमाणाच्या मिश्रणानें त्याचे ६५० लिटर होतात, व तेवढ्यांत सबंध वर्ष भागवावयाचें! एका फवारणीस एकरीं २०० लिटर लागले, तर तीन फवारण्यांतच पुंजी संपली. डोंगरावरील कोरडा वारा केवडा आवरतो म्हणूनच हें साधतें. दमट खोऱ्यांत फार कठीण पडेल.

२०१२ पूर्वीं 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेलें मद्य' एवढेंच लिहिण्याची मुभा होती. त्या वर्षाच्या हंगामापासून मद्य करण्याच्या कृतीसही नियम लागू झाले. साध्या तांबड्या मद्यांत लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत गंधकाचा अंश चालतो, सेंद्रिय तांबड्यांत १०० पर्यंतच.

४. कोशर म्हणजे काय

यहुदी धर्मविधींत द्राक्षमद्यास पवित्र स्थान आहे. शब्बाथाचा आरंभ त्याच्या प्याल्यावर प्रार्थना म्हणून होतो, व वल्हांडणाच्या रात्रीं चार प्याले घेण्याचा विधि आहे. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक, जे शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जात, तेही याच धर्माचे. कोशर मद्याची सोय नसल्यामुळें मनुका भिजवून त्यांचें सरबत या विधीस वापरण्याची चाल त्यांच्यांत पडली.

द्राक्षें कोणींही पिकवावीं, कोणींही तोडावीं. मात्र नव्या वेलाचें पहिल्या तीन वर्षांचें फळ वर्ज्य आहे. खरा निर्बंध द्राक्षें चेंचण्यापासून सुरू होतो. तेथून पुढें बाटली बंद होईपर्यंत रसास व मद्यास केवळ शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्यांनींच हात लावावयाचा. टाक्या पाण्यानें भरून एक अहोरात्र ठेवून रिकाम्या करावयाच्या, असें तीन वेळां करून त्या शुद्ध करण्याची रीत आहे. मद्य निवळण्यासाठीं जनावरांपासून केलेला सरस वापरीत नाहींत; बेंटोनाइट नांवाच्या मातीनें काम भागतें. टाक्यांवर पर्यवेक्षकाची मोहोर असते. मद्य क्षणभर तापवून थंड केलें तर तें पुढें कोणींही वाढलें तरी चालतें. परंतु तापविल्यानें चवीस बाध येण्याचें भय असतें.

आतां मालक स्वतः यहुदी नसेल तर त्याची स्थिति पाहा. ताल त्यानें रचली, वेल त्यानें छाटला, आणि ऑक्टोबरांत स्वतःच्या तळघरांत स्वतःच्या टाकीची तोटी त्यास फिरवितां येत नाहीं! चव पाहावयाची तर नमुना दुसऱ्यानें काढून द्यावा. त्यांतून यहुदी वर्षारंभाचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे ऐन तोडणींत येतात. शब्बाथास व सणांस काम बंद. आंबणारा रस मात्र थांबत नाहीं. म्हणून तोडणीचे दिवस पंचांग पाहून आगाऊ ठरवावे लागतात.

५. दोन्ही दाखल्यांचा ताळा

हे दोन दाखले एकमेकांत मोडत नाहींत. सेंद्रिय नियमांस सरस चालतो, कोशरास चालत नाहीं. उलट कोशर नियम सिसिलींतील बागेंत कोणती फवारणी केली हें विचारीत नाहीं. तपासणी दोन, शुल्कें दोन, दप्तरेंही दोन. मात्र नवी लागण करणारास एक सोय आहे : दोन्हीकडील तीन वर्षांची प्रतीक्षा बरोबरच संपवितां येते.

६. आपणांस बोध

महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. जें नोंदींत नाहीं तें शेतांत असूनही सिद्ध करतां येत नाहीं. भारतांतही सेंद्रिय मालाच्या दाखल्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. त्या वाटेनें जाणाऱ्या बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या :

(अ) घेणारा कोण व तो किती माल उचलणार, हें लेखी ठरल्यावांचून दाखल्याच्या खर्चांत पडूं नये.

(आ) प्रतीक्षेच्या तीन वर्षांची तूट आधीं मांडावी. ती कर्ज काढून भरावी लागत असेल तर थोड्या क्षेत्रावर आरंभ करावा.

(इ) फवारणी, खत व तोडणी यांची नोंद त्याच दिवशीं करावी. मागाहून भरलेली वही तपासनीस तेव्हांच ओळखतो.

(ई) दाखला म्हणजे गुण नव्हे. बाग हलकी असेल तर दोन मोहरांनींही फळ गोड होणार नाहीं.

आपल्या मालावरचा हात कांहीं काळ काढून घेणें कोणाही कुणब्यास जड जातें. परंतु ज्याच्या श्रद्धेस तो माल लागावयाचा त्याच्या अटी पाळण्यांत कमीपणा नाहीं. त्या अटी पाळून डोंगरावरची ताल उभी राहत असेल व मुलगा शेतावर टिकत असेल, तर सौदा फायद्याचा. तसें होत नसेल, तर दाखला कितीही मानाचा असला तरी तो नाकारण्याचें धैर्य शेतकऱ्याच्या अंगीं असलें पाहिजे.