माणदेशातल्या कच्च्या वाटा आणि सायकल

(कॅडेट, इयत्ता दहावी)

मॅप रीडिंगचा तास म्हटला की आपला निम्मा वर्ग पेंगतो. मीही पेंगायचो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र कंटूर रेषा मोजल्याशिवाय मी गावात सायकल बाहेर काढत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. आधी वाटांविषयी सांगतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात, दहिवडीजवळ आहे. सातारा म्हटले की शाळेतल्या मित्रांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या आमच्या माणमध्ये जेमतेम ५०० मिलिमीटर, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होऊन येतात. म्हणून आमच्याकडे झाडी कमी, माळरान जास्त आणि माळावर सगळीकडे गाडीवाटा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोही गावच्या. धावण्यासाठी आणि सायकलसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. (आमच्या हाऊसमधले हिमाचलचे मित्र हे मान्य करणार नाहीत.)

अशा कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. त्यासाठी रेसिंग सायकलसारख्या खाली वळलेल्या हँडलची, पण साधारण ४० मिलिमीटर रुंद टायरची वेगळी सायकल मिळते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेली २०० मैलांची अशी शर्यत प्रसिद्ध आहे. तिथे चकमकीच्या धारदार दगडांनी टायर फाटतात. माझी सायकल साधी गिअरची आहे आणि आमच्याकडे ते काम बाभळीचे काटे करतात. पंक्चरचे पॅच, सोल्युशन, लिव्हर आणि छोटा पंप जवळ नसेल तर माणदेशात सायकल ढकलत घरी यावे लागते.

वाट निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती माती. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा दगड. त्यातून पाणी झिरपते, म्हणून पावसानंतर तासाभरात त्यावर सायकल चालते. माणगंगेच्या काठची काळी माती याच्या अगदी उलट. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. टायर आणि फोर्क यांच्या मधल्या फटीत ती इतकी भरते की चाक फिरायचेच थांबते. एकदा मी तिथे चिपाडाने माती उकरत अर्धा तास घालवला आहे. दोन-तीन उन्हे पडल्याशिवाय काळ्या रानातल्या वाटेला जाऊ नये. कालव्याच्या भरावावरचा रस्ता सपाट आणि सोपा असतो, नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. पण तो कंटाळवाणा आहे हे मी लपवणार नाही.

दुसरी गोष्ट हवा. डांबरी रस्त्यावर मी टायरमध्ये ५० पाउंड हवा ठेवतो, मुरमावर ३५. हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त टेकतो आणि खड्यांवर उड्या मारत नाही. फारच कमी केली तर मात्र दगडावर रिम आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात.

तिसरी गोष्ट नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि लगतच्या दोन कंटूर रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर. हे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून मिळतात. समजा तुमच्या वाटेने १ सेंटिमीटरमध्ये उंचीचे एकच अंतर ओलांडले, तर ५०० मीटर जाताना २० मीटर चढ, म्हणजे २५ ला १. हे कोणालाही जमते. डोंगरी भागात मोटारींचा रस्ता बांधतानाही चढ साधारण २० ला १ पेक्षा जास्त होऊ नये असे पाहतात. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी बरेच काम होते.

तो आकडा मला पाठ होता. नकाशाही पाठीवरच्या पिशवीत होता. तरीही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी बारा वर्षांच्या चुलतभावाला घेऊन गावामागच्या माळावर गेलो. चढताना लांबच्या, सोप्या वाटेने गेलो. वरून महिमानगड दिसत होता, हवा गार होती. परत येताना भूक लागली आणि मला समोर खाली गाव दिसत होते. एक गाडीवाट सरळ तिकडेच उतरत होती. मी म्हणालो, "इथून दहा मिनिटांत घरी." मी पुढे, तो मागे.

ती वाट म्हणजे कातळावर पसरलेला सुटा मुरूम होता. निम्म्यात मागून खरखर असा आवाज आला. त्याने घाबरून पुढचा ब्रेक पूर्ण दाबला होता. सुट्या खड्यांवर पुढचे चाक अडकले की ते फिरत नाही, घसरते. आणि घसरणाऱ्या चाकाला हँडलने वळवता येत नाही. तो खांद्यावर पडला. एनसीसीत शिकलेली त्रिकोणी पट्टी मी त्याच्याच मफलरने बांधली, पण माझे हात थरथरत होते. तो रडत नव्हता, ते मला जास्त कठीण गेले. दोन्ही सायकली तिथेच टाकून आम्ही चालत खाली आलो. दहिवडीला एक्स-रे काढला. गळपट्टीचे हाड मोडले होते.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते ओरडले नाहीत. रात्री कंदिलाएवढ्या त्या दिव्याखाली त्यांनी नकाशा पसरायला लावला आणि म्हणाले, "मोज." मी मोजले. वाट होती १ सेंटिमीटर, आणि त्यात उंचीची अंतरे पाच. ५०० मीटरमध्ये १०० मीटर उतार, म्हणजे ५ ला १.

"ही वाट आधी पायी बघितली व्हतीस?"

"नाही."

"मग पोराला घिऊन कशाला उतरलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. काकू चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भावाला शाळेच्या धावण्याच्या स्पर्धेला मुकावे लागले.

ब्रेकविषयी जे मी त्याला वर असतानाच सांगायला हवे होते ते इथे लिहितो. वेग उतार सुरू होण्याआधी, जमीन घट्ट असतानाच कमी करायचा. उतारावर दोन्ही ब्रेक हलके, थांबून थांबून दाबायचे, जोर मागच्यावर ठेवायचा. बूड सीटच्या मागे न्यायचे, दोन्ही पेडल एका पातळीत, कोपर सैल. आणि चाक घसरते आहे असे वाटले तर उतरून चालायचे. माझ्या वर्गातल्या काहींना उतरून चालण्यात कमीपणा वाटतो, मलाही वाटायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांनी आम्हा दोघांना तो सगळा माळ पायी फिरवला. नकाशावर असलेली एक वाट आता बांध घालून नांगरलेली निघाली, आणि नकाशावर नसलेली एक चांगली वाट मेंढपाळांनी दाखवली. सायकल जाईल त्या वाटा हिरव्या, उतरून चालायच्या त्या लाल, अशा पेन्सिलने आम्ही रंगवल्या. तो नकाशा घरात दाराजवळ लावला आहे. भावाचा खांदा आता बरा आहे. निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे आम्ही त्याखालच्या पाटीवर लिहितो. काकू ते वाचतात, घड्याळ बघतात, आणि मगच त्याच्या हातात पाण्याची बाटली देतात.