रंगावर जाऊ नकोस

बाळा, डोंबिवलीच्या दुकानातल्या टाकीत झुपकेदार शेपटीचा रंगीत नर दिसला की तो गप्पी, हे कोणीही सांगेल. खरी गल्लत होते ती सोसायटीच्या हौदात आणि गटाराच्या कडेला. तिथे वरवर पाहता सगळेच मासे करडे आणि बोटाच्या पेराएवढे.

आधी वरून बघ. डोक्यावर पांढरा ठिपका चमकला, तर तो आपल्याकडचा मूळचा किलीफिश. तो अंडी घालतो, डासांच्या अळ्याही खातो. त्याला आहे तिथेच राहू दे.

ठिपका नसेल तर दोन-चार मासे काचेच्या बरणीत घेऊन बाजूने बघ. थव्यातल्या एखाद्या नराच्या अंगावर नारिंगी, काळे डाग असले, तर ते गप्पी. गंबुशिया हा डासांसाठी सोडला जाणारा दुसरा मासा; त्याचा नरही मादीसारखाच फिका असतो आणि शेपटीवर बारीक काळ्या टिपक्यांच्या ओळी असतात. दोन्ही जातींत नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा लांबट असतो. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट, आणि त्याच्या जवळ पोटावर काळसर डाग. डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागलं, की पिल्लं जवळ आली समज. एका विणीपासून दुसरीपर्यंत साधारण चार आठवड्यांचा हिशेब असतो.

घरच्या टाकीत नुसत्या माद्या आणल्या म्हणून वीण थांबत नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. एकदा नराशी संग झाला की मादी त्याचं बीज महिनोन् महिने साठवते आणि त्यावर पुन्हा पुन्हा विते. आईच पिल्लं खाते, म्हणून टाकीत दाट पाणवनस्पती हवी. नळाचं पाणी मात्र एक दिवस उघडं ठेवून मगच भर, क्लोरीन माशांना सोसत नाही.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, गंबुशिया उत्तर अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गंबुशिया 1928 साली इटलीहून भारतात आणला. पण तो बेडकांची पिल्लं आणि इतर माशांची अंडीही फस्त करतो. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. डासांसाठी मासे सोडायचे तर बंद हौदात, कारंज्यात सोड. ठाण्याचा मासुंदा, उपवन, कल्याणचा काळा तलाव, उल्हास नदी, इथे गप्पीसुद्धा नको. टाकीत पिल्लं जास्त झाली तर दुकानदाराला परत दे, नाहीतर ज्याच्याकडे टाकी आहे अशा मित्राला दे.