घरात बंदूक आहे? मग कुलूपही हवं

कोकणात आणि जंगलालगतच्या गावांत रानडुकरं, माकडं पिकाची नासधूस करतात. म्हणून काही घरांत शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. परवाना बहुतेक वेळा घरधन्याच्या नावावर असतो, पण दिवसभर घरात असतो ते आपण आणि आपली पोरं. म्हणून हा कायदा आपल्यालाही माहीत हवा.

कायदा काय सांगतो?

1. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2 ते 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुनी ठासणीची बंदूकही यात आली.

2. 21 वर्षं पूर्ण न झालेल्याने बंदूक बाळगायची नाही. अपवाद फक्त ठरवून दिलेल्या प्रशिक्षणाचा. म्हणजे दहावीतल्या मुलाच्या हातात बंदूक देऊन त्याला राखणीला पाठवणं चालत नाही.

3. लग्नात, वरातीत हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

4. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण सख्यांनो, शिक्षा पुढची गोष्ट. गेलेलं पोर कोर्ट परत देत नाही.

घरात काय करायचं?

• ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून भरलेली बंदूक घरात आणायचीच नाही, हा नियम घरधन्याशी बोलून ठरवा.
• बंदूक कुलपाच्या कपाटात. दाराआड, खुंटीवर किंवा माळ्यावर नको.
• काडतुसं, दारू, केप वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. चुलीपासून लांब.
• किल्ली देव्हाऱ्यात किंवा डाळीच्या डब्यात नको. पोरांना आपल्या सगळ्या जागा ठाऊक असतात!
• मुलांना सांगा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. सुट्टीत पाहुण्यांकडे पाठवताना तिथे बंदूक कुठे ठेवतात, हे विचारायला लाजू नका.

मालक वारले तर?

परवाना ज्याच्या नावावर, त्याच्यापुरताच असतो. नवरा किंवा सासरे वारले की बंदूक तशीच घरात ठेवायची नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि लेखी पावती घ्या. वारसाला हवी असेल तर नव्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

विनापरवाना बंदूक घरात असेल तर घाबरून ती लपवू नका, फेकूही नका. तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

बैठकीत चर्चा करा

1. आपल्या वाडीत किती घरांत बंदूक आहे? ती कुलपात असते का?
2. परवान्याची मुदत कधी संपते, हे घरातल्या बाईला माहीत आहे का?
3. "बंदुकीत बायकांनी लक्ष घालू नये" असं कुणी म्हणालं, तर आपण काय उत्तर देऊ?