आधी मोडेमशी बोलावे

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य जनतेस खुले केले, त्यास अकरा वर्षे होत आली तरी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी टेलिफोनच्या तारेवाचून त्या जगाशी संबंध जोडण्याचा दुसरा मार्ग नव्हता. अशा काळी, २००६ च्या उन्हाळ्यात, एका सभासदाने आपला जुना संगणक गावच्या वाचनालयास देणगीदाखल दिला आणि दहावी-बारावीचे निकाल मुलांना तेथेच पाहता यावेत या हेतूने त्यास जोडणी करून देण्याचे काम कार्यकारी मंडळाने चिटणीस या नात्याने मजवर सोपविले. यंत्र १६६ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमचे, रॅम अवघी ३२ मेगाबाइट. विंडोजची नवी आवृत्ती त्यावर चालणे अशक्य, आणि ती विकत घेण्याची वाचनालयाची ऐपतही नव्हती. म्हणून ५० मेगाबाइटांत सामावणारी व सीडीवरूनच सुरू होणारी डॅम स्मॉल लिनक्स ही प्रणाली मी निवडली. ती निवड आजही मला योग्यच वाटते. पुढे निकाल लागून गेले तरी जोडणी झाली नाही, याचे कारण मी कामाचा क्रम चुकविला हे होते, आणि तो इतरांकडून चुकू नये एवढ्याकरिता हा तपशील सादर करीत आहे.

पहिली चूक खरेदीतली. यंत्राच्या आत बसणारे मोडेमचे कार्ड दुकानदाराने ‘कुठेही चालेल’ अशी ग्वाही देऊन दिले, आणि आम्ही ते खातरजमा न करता घेतले. या जातीच्या कार्डास विनमोडेम म्हणतात. खऱ्या मोडेममध्ये अंकांचे ध्वनीत आणि ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा त्याच्या स्वतःच्या पोटात असते. विनमोडेमवर मात्र टेलिफोनच्या तारेशी सांधा जुळण्यापुरतेच घटक बसविलेले असून उरलेले कष्ट संगणकाच्या प्रोसेसरवर सोपविलेले असतात, आणि ते कष्ट कसे करावेत हे सांगणारा ड्रायव्हर उत्पादकाने बहुधा विंडोजपुरताच लिहिलेला असतो. काही कार्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात हे खरे, परंतु ते आपल्या कर्नेलच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावे लागतात, आणि जुळले तरी १६६ मेगाहर्ट्‌झच्या जिवाला ते ओझे पेलणे कठीण. तेव्हा जुन्या यंत्रावर ज्यास हा उद्योग करावयाचा आहे, त्याने सीरियल पोर्टास जोडावयाचा, स्वतंत्र डबीतला, बाहेरचा मोडेमच घ्यावा. वापरलेला मिळाला तरी हरकत नाही. त्याच्या दर्शनी भागावरचे दिवे पाहूनच निम्मे निदान होते.

असा मोडेम हाती आल्यावर पासवर्ड, सर्व्हर, पत्ते हे सारे बाजूस ठेवून प्रथम त्याच्याशी बोलावे. मिनिकॉमसारखा एखादा टर्मिनल प्रोग्राम उघडावा, त्यास पोर्टाचे नाव द्यावे, ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकून एंटरची कळ दाबावी आणि ‘ओके’ असे उत्तर येते की नाही ते पाहावे. १९८१ साली हेज कंपनीने आपल्या स्मार्टमोडेमसाठी योजलेली ही हुकुमांची भाषा पुढे साऱ्या मोडेमांनी उचलली. मला उत्तर आले नाही, कारण विंडोजमध्ये ज्यास कॉम-१ म्हणतात ते पोर्ट लिनक्समध्ये टीटीवाय-एस-० असते आणि मी टीटीवाय-एस-१ असे लिहिले होते. आकडा सुधारताच पडद्यावर ‘ओके’ उमटले, आणि त्या क्षणी झालेला आनंद मी विसरलेलो नाही. पुढची अडचण अशी की रिसीव्हर कानाला लावला असता डायलटोन स्वच्छ ऐकू येत असूनही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणूनच अडून बसे. परदेशी एक्स्चेंजच्या ध्वनीस सरावलेल्या मोडेमास आपला ध्वनी पुष्कळदा ओळखता येत नाही. ‘एटीएक्स३’ असा हुकूम दिला की तो डायलटोनची वाट न पाहता नंबर फिरवितो.

यानंतर जे घडले ते मात्र वाचनालयाच्या तिजोरीस जाचले. मोडेम नंबर फिरवी, पलीकडचा मोडेम उचले, दोघांची ती परिचित किंकाळी ऐकू येई, ‘कनेक्ट’ असा शब्द येई, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संबंध तुटे. पासवर्ड चुकत असावा असे मी गृहीतच धरले. तो पुनःपुन्हा टंकला, सेवा पुरविणाऱ्या कचेरीकडून बदलून घेतला, आणि प्रत्येक वेळी पुन्हा नंबर फिरविला. पलीकडे कोणी फोन उचलला की आकारणी सुरू होते, मग आत प्रवेश मिळो वा न मिळो, ही साधी बाब माझ्या ध्यानी आली ती दोन महिन्यांचे बिल हाती पडल्यावर.

त्या रात्री मी पीपीपीडीला, म्हणजे लिनक्समध्ये ही जोडणी घडवून आणणाऱ्या प्रोग्रामला, ‘डीबग’ हा पर्याय जोडला आणि व्हार-लॉग निर्देशिकेतील नोंदी प्रथमच ओळीने वाचल्या. पलीकडील सर्व्हर पीएपी पद्धतीने, म्हणजे नाव व पासवर्ड पाठवून, ओळख पटविण्याची मागणी करीत होता आणि ती मागणी आमचेच यंत्र नाकारीत होते. म्हणजे जो पासवर्ड मी इतक्या वेळा बदलला, तो आमच्या यंत्रातून एकदाही बाहेर पडलेला नव्हता. पीपीपीडीच्या पर्यायांत ‘यूजर’ म्हणून जे नाव लिहावे, तेच अक्षरशः पीएपी-सीक्रेट्‌स या फायलीच्या पहिल्या रकान्यात असावे लागते. मी एका ठिकाणी खात्याचे नाव संस्थेच्या पुरवणीसह लिहिले होते, दुसऱ्या ठिकाणी पुरवणीवाचून; नाव जुळेना म्हणून पीपीपीडीला पासवर्ड सापडेना, आणि सापडेना म्हणून तो ओळख देण्यास नकार देई. नाव दुरुस्त केले आणि पहिल्याच खेपेस पत्ता मिळाला. म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की संबंध एकदा तुटला की दुसऱ्यांदा नंबर फिरविण्यापूर्वी नोंदी वाचाव्यात, आणि ज्या ओळीवर गाडी अडली असेल तिच्यापुढच्या कशासही हात लावू नये.

पत्ता मिळूनही पाने उघडत नसतील, तर अंकी पत्त्यास पिंग करून पाहावे. त्यास उत्तर आले आणि नावास आले नाही, तर ‘यूजपीअरडीएनएस’ हा पर्याय राहून गेला आहे किंवा रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल रिकामी आहे असे समजावे. अंकी पत्त्यासही उत्तर नसेल तर यंत्रात नेटवर्कचे दुसरे कार्ड आहे काय ते तपासावे, कारण त्याचा डिफॉल्ट रूट आधीच नोंदलेला असला तर पीपीपीडी तो आपण होऊन बदलत नाही.

सीडीवरून चालणाऱ्या प्रणालीत आणखी एक तजवीज अगत्याची आहे. बदललेल्या फायली रॅममध्येच असतात. फाइलटूल-एलएसटी या यादीत ज्यांची नावे लिहिलेली असतील, त्यांचाच बॅकअप घेतला जातो. मी हे न जाणल्यामुळे एका दुपारी वीज गेली आणि तीन दिवसांचे काम तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून त्या फायलींतील मजकूर हाताने उतरवून काढलेला कागद टेबलाच्या खणात ठेवलेला आहे.

ऑक्टोबरच्या गडगडाटात आमचा मोडेम जळाला. विजेचा खटका बंद होता, परंतु टेलिफोनची तार भिंतीतच राहिली होती आणि विजेचा लोळ त्या तारेने आत आला. नव्या मोडेमच्या खर्चास मंजुरी देताना मंडळाने एक ठराव लिहून घेतला, आणि त्या ठरावाप्रमाणे वाचनालयास कुलूप लावण्यापूर्वी ती तार भिंतीतून काढून ठेवणे हे आता शिपायाच्या रोजच्या कामांत नोंदलेले आहे.