घोडा मागे का येतो?

गोल कुंपणाच्या आवारात एक तरुण घोडा मोकळा सोडलेला असतो. पाठीवर खोगीर नसते, तोंडात लगाम नसतो. मधोमध उभा असलेला चाबूकस्वार हात उंचावून त्याच्या मागच्या अंगाकडे दोन पावले टाकतो आणि घोडा कडेकडेने दौडू लागतो. घोड्याला असे वर्तुळात फिरविण्यास ‘कावा देणे’ म्हणतात. काही फेऱ्या झाल्या की त्याचा आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळतो, मान खाली येते. त्याच क्षणी चाबूकस्वार हात खाली घेतो व पाठमोरा होतो. घोडा थबकतो, जरा घुटमळतो आणि मग, कोणी ओढीत नसताना, त्याच्या मागोमाग चालू लागतो.

पाहणाऱ्यास ही जादूच वाटते. परंतु घोडा हा मुळात उघड्या माळरानावर कळपाने राहणारा, हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला प्राणी. संकट दिसताच पळणे हा त्याचा पहिला उपाय. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळविता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. जवळच्या प्राण्याची बारीकशी हालचालही तो टिपतो. कोण चालून येत आहे व कोण मागे हटला, हे त्याला तत्काळ उमगते.

कित्येक अश्वशिक्षक म्हणत आले की, घोडा त्या वेळी माणसाला कळपाचा नायक मानतो. ही कल्पना माणसाला मोठी सुखावणारी आहे! सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली माणसाऐवजी दूरनियंत्रित खेळण्यातील मोटार वापरून पाहिली. घोडा हवा तसा वागला की मोटारीचा पाठलाग थांबे. घोडे त्या मोटारीकडेही तोंड वळविण्यास शिकले. मोटारीला त्यांनी नायक मानले, असे कोण म्हणेल? धाक निवळला, हेच त्यांचे बक्षीस.

म्हणून हात केव्हा उचलावा यापेक्षा तो केव्हा खाली घ्यावा, हे कळणे अधिक मोलाचे. क्षणभर उशीर झाला, तर घोडा भलतेच काही शिकतो. धाक थांबलाच नाही, तर नुसता बिथरतो. मायेलाही येथे स्थान आहेच. घोडे एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवितात. माणसाने तेथे हळुवार खाजविले, तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने लिहून ठेवले आहे की, घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. तो एखाद्या वस्तूला बुजला, तर त्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे, मारू नये. कारण मार खाणारा घोडा आपल्या वेदनेचे कारण ती वस्तूच आहे, असे समजतो.