बुलेट मधूनच बंद पडते तेव्हा

जुनी बुलेट कायमची बंद पडली तर काम सोपं असतं. वायर तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो. शोधलं की सापडतं. डोकं खाते ती मधूनच बंद पडणारी गाडी. गॅरेजमध्ये नेली की एका किकमध्ये सुरू, आणि परत येताना भर चौकात मुकाट. अशा गाडीवर सर्रास एकच उपाय होतो: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं एकाच दिवशी नवं. दुखणं गेलं तर कशानं गेलं ते कळत नाही, आणि नाही गेलं तर संशयितांत चार नव्या भागांची भर पडलेली असते. माझा आग्रह एवढाच, की बिघाड हजर असताना त्याला पकडायचं, आणि तोवर पाना हातात घ्यायचा नाही.

पुढची कृती १२ व्होल्टची, सीबी पॉइंटवाली, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ३५० समोर ठेवून लिहिली आहे. सीडीआयवाल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

साहित्य फार नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, फिलर गेज, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, चालू असल्याची खात्री असलेला एक प्लग, एक चांगला कंडेन्सर. आणि इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डरसकट, दोन लांब वायरी आणि टोकांना क्लिपा लावलेला. मीटर असताना बल्ब कशाला, असं विचाराल. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. तोटी बंद असताना नळात दाब भरपूरच वाटतो, पाइप गंजलाय हे तोटी उघडल्यावर कळतं, तसंच हे. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि जोड कच्चा असेल तर लगेच मिणमिणतो.

एक खबरदारी आधीच. ब्रिटिश धाटणीच्या काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असतो. आपल्या गाडीत कोणतं टोक फ्रेमला गेलंय ते डोळ्यांनी बघा, मगच वायरींना हात लावा.

पेट्रोल की करंट?

गाडी कशी बंद पडते ते नीट आठवा. चावी फिरवल्यासारखी खटकन थांबत असेल तर करंट. आचके देत, ओढ कमी होत, चोक दिल्यावर थोडी सावरत थांबत असेल तर पेट्रोल. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी काही किलोमीटरवर थांबते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. कॉइल गरम झाल्याचा हुबेहूब भास होतो. बंद पडल्याबरोबर झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर वायरिंगला हात लावायची गरज नाही.

करंटच जातोय असं ठरलं की परिस्थिती टिपून ठेवा. इंजिन गरम की थंड, पाऊस होता का, खड्डा होता का, हँडल कुठं वळलं होतं, लाइट लावलेला होता का. उष्णता, हादरा, पाणी आणि वायरीची हालचाल, या चौघांपैकी एकाशी बिघाडाची गाठ जवळजवळ नेहमीच असते. ती कळली की बिघाड आपल्या सोयीनं, घराच्या अंगणात घडवून आणता येतो.

काट्याची साक्ष

बुलेटवाल्याला अॅमीटरचा काटा किक मारण्यापुरता माहीत असतो: काटा मध्यावर येईपर्यंत किक दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून थोडी पुढे न्यायची, मग मारायची. हाच काटा निदानालाही कामाचा आहे. लाइट बंद, चावी चालू, आणि किक हातानं हळूहळू दाबत राहा. पॉइंट मिटले की कॉइलमधून तीन-चार अँपिअर जातात आणि काटा वजा बाजूला कलतो. पॉइंट उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर कॉइलपर्यंत करंट पोचत नाही, किंवा पॉइंट मिटूनही चिकटत नाहीत. काटा वजातच बसून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर त्यांची वायर कुठंतरी अर्थ होते आहे. काटा थरथरला तर कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट आहे, आणि तो शोधायला ही उत्तम वेळ. पॉइंट मिटलेले असताना चावी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, कॉइल तापते. पुष्कळ गाड्यांत अॅमीटर मेला म्हणून वायरी थेट जोडून टाकलेल्या असतात. तसं असेल तर हा प्रयोग सोडा आणि पुढच्या बल्बावर भिस्त ठेवा.

हँडलवरचा बल्ब

या कृतीतलं सगळ्यात मोलाचं काम हे. साहित्यातला तो २१ वॉटचा बल्ब घ्या आणि त्याचा होल्डर टेपनं हँडलवर दिसेल असा चिकटवा. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथं चावीकडून करंट येतो. दुसरी फ्रेमला नको; थेट इंजिनाच्या एखाद्या बोल्टला जोडा, म्हणजे इंजिनाचं अर्थिंग कच्चं असेल तर तेही याच जाळ्यात सापडेल. गरम फिन्सपासून वायर लांब राहू द्या. आता मोकळ्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवा.

गाडी बंद पडली की पहिल्यांदा हात चावीकडे जातो. तो जाऊ देऊ नका. चावी हलली की लूज कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो आणि पुरावा जातो. क्लच दाबा, बाजूला घ्या, बल्बाकडे बघा. बल्ब विझलेला असेल तर दोष बॅटरीपासून कॉइलपर्यंतच्या वाटेत किंवा इंजिनाच्या अर्थिंगमध्ये आहे. जळत असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा प्लग. अर्धी गाडी एका नजरेत बाद.

बल्ब विझला तर

सुरुवात बॅटरीपासून. पूर्ण चार्ज बॅटरी थोडा वेळ पडून राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि बोल्ट आवळा. मग अर्थिंग. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला, चावी चालू, पॉइंट मिटलेले. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढा. खाली बहुधा रंग नाहीतर गंज सापडेल. रंगकाम झालेल्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे. ब्रशनं लोखंड चकचकीत करा. बॅटरीपासून इंजिनापर्यंत एक स्वतंत्र जाड वायर टाकलीत तर अनेक लहानसहान तक्रारी आपोआप मिटतात.

त्याच पद्धतीनं बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या टोकापर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आत असलं पाहिजे. मीटर लावूनच चावी हळूच डावी-उजवीकडे दाबा, फ्यूजचा डबा हलवा. आकडा उडी मारतो तिथं थांबा.

सगळं ठीक असेल तर संशय हँडलच्या मुळाशी. इंजिन आयडलवर ठेवून हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा, आणि वायरिंगचा जुडगा वीतभर-वीतभर अंतरानं चिमटीत धरून वाकवत जा. हिसका देऊ नका, नाहीतर चांगले जोडही सैल कराल. एक बुलेट फक्त उजव्या वळणावर बंद पडायची आणि तिच्या मालकानं तोवर दोन कॉइल बदलल्या होत्या. हँडलच्या खोबणीत एका वायरीचं प्लास्टिक वरून धड होतं, आत मात्र तांब्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या; दोन टोकं एकमेकांना टेकून होती इतकंच. अशी वायर बोटांत वाकवली की तेवढ्याच जागी दोरीसारखी लुळी लागते.

हेडलाइटसुद्धा हँडल वळवताना लुकलुकत असेल तर आणखी एक गंमत तपासा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या डोक्याचं अर्थिंग हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसमध्ये लडबडलेल्या गोळ्यांतून होतं. डोक्यापासून फ्रेमपर्यंत एक वायर दिली की संपलं.

बल्ब जळत राहिला तर

पॉइंटचं झाकण काढा. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. मिटलेले असताना चावी चालू करून पॉइंटच्या दोन्ही बाजूंत व्होल्ट मोजा, ०.२ च्या वर गेले तर तोंडं घाण आहेत. आतून झिरपलेल्या ऑइलचा पातळ थरही तेवढ्याला पुरतो. पॉलिश पेपर दुमडून दोन-चारदा फिरवा, मग कोरं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढा, ते काळं व्हायचं थांबेपर्यंत. वायरीचं थिंबल पॉइंटच्या स्प्रिंगला टेकलं पाहिजे पण खालच्या प्लेटला नाही; मधला फायबरचा वॉशर फुटला किंवा उलटा बसला तर हादऱ्यासरशी अर्थ होतं आणि गाडी मिस मारते. पेचकसाच्या मुठीनं प्लेटवर हलक्या टिचक्या मारून पाहा.

थंड असताना झकास आणि पंधरा-वीस मिनिटांनी फटके मारत बंद, असं असेल तर कंडेन्सर आणि कॉइल. अंधारात पॉइंटकडे बघा: बारीक निळसर ठिणगी चालते, जाड पिवळट ठिणगी आणि काळी पडलेली तोंडं म्हणजे कंडेन्सर. जुन्याची वायर सोडवा, कारण तो आतून शॉर्ट असेल तर नवा लावूनही उपयोग नाही. चांगला कंडेन्सर बाहेरूनच जोडा: वायर पॉइंटच्या वायरीला, अंग इंजिनाला. एक फेरी मारा. चांगला चाललेला जुना कंडेन्सर मी कधी फेकत नाही. नव्यांचा भरवसा वाटत नाही.

कॉइलची प्रायमरी साधारण ३ ते ४ ओहम आणि सेकंडरी काही हजार ओहम दाखवते. पण थंड कॉइलचा आकडा निर्दोष येतो आणि गरम झाली की आतलं इन्सुलेशन हार मानतं. घरातल्या हेअर ड्रायरनं तापवून मग ठिणगी बघा. त्यासाठी प्लग इंजिनाला नीट टेकवून ठेवा, हातात धरू नका, आणि प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं, कॉम्प्रेशनमध्ये अवघड, म्हणून कशीबशी पडणारी ठिणगी पास धरू नका.

पावसातच त्रास होत असेल तर रात्री इंजिन चालू ठेवून प्लग कॅपवर आणि जाड वायरीवर पाण्याचा फवारा मारा. निळे साप धावताना दिसले की कॅप बदला, वायरीचं टोक पाच मिलिमीटर कापून ताजं करा. हात लावू नका.

गाडी दिवसा ठीक आणि रात्री लाइट लावल्यावर तासाभरानं मलूल होत असेल तर इग्निशन सोडा, चार्जिंग बघा. मध्यम रेसवर बॅटरीत १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर आल्टरनेटरकडून येणारा कपलर उघडा. तपकिरी, वितळलेली पिन तिथंच भेटते.

दोष सापडला की पीळ देऊन टेप गुंडाळू नका. नवीन थिंबल दाबून बसवा आणि वर हीट श्रिंकची नळी चढवा. नुसता डाग दिलेली वायर डागापाशी ताठ होते आणि बुलेटच्या हादऱ्यानं तिथंच तुटते. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेनं तांबं आतून काळं पडतं. स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत जा, लांबी कमी पडली तर जोडा.

सीडीआयची गाडी असेल तर

स्प्लेंडरसारख्या जुन्या गाड्यांत ठिणगी बॅटरीवर नाही, मॅग्नेटजवळच्या कॉइलवर चालते. त्यामुळे बॅटरी तपासण्यात वेळ घालवू नका. इथं चावी करंट देत नाही. बंद करताना ती सीडीआयची एक वायर अर्थ करते. चावीत किंवा तिच्या वायरीत ओल शिरली तर चालती गाडी मधूनच अर्थ होऊन थांबते. सीडीआयपाशी ती वायर, बहुधा काळी-पांढरी, सोडवून टोक टेपनं झाका आणि चालवून पाहा. बिघाड गेला तर दोष चावीत. नाही गेला तर पिकअप आणि मॅग्नेटच्या कॉइली मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा, तेही गाडी गरम असतानाच. प्लग कॅप काढून मोकळी ठेवून किक मारू नका, सीडीआय जातो. आणि ती वायर सुटी असेपर्यंत चावीनं इंजिन बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून थांबवावं लागेल.