चिल्का : एका सरोवराचे पुनरुज्जीवन

भारताच्या नकाशात ओडिशाचा किनारा पाहा. पुरीच्या नैर्ऋत्येस निळ्या रंगाचा एक लांबट पट्टा दिसेल. ते चिल्का सरोवर. वाळूच्या अरुंद दांड्यामुळे ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले आहे आणि मुखावाटे त्याला जोडलेलेही आहे. अशा सरोवरास भूगोलात ‘खाजण’ म्हणतात. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे 900 चौरस किलोमीटर असतो. पावसाळ्यात तो 1,100 चौरस किलोमीटरच्याही पुढे जातो.

चिल्काचे खरे वैभव त्याच्या पाण्यात आहे. महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा उत्तरेकडून गोडे पाणी आणतात, पश्चिमेच्या डोंगरांतून अनेक ओढे उतरतात आणि भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आत येते. या मिश्र पाण्यावर मासे, कोळंबी, खेकडे, इरावदी डॉल्फिन आणि हिवाळ्यात येणारे लक्षावधी पक्षी जगतात. सुमारे दोन लाख मच्छीमारांचा उदरनिर्वाहही त्यावरच चालतो. 1981 मध्ये रामसर कराराच्या यादीत भारतातील जे पहिले दोन पाणथळ प्रदेश समाविष्ट झाले, त्यांपैकी चिल्का हा एक.

तरीही हे सरोवर क्षीण होत गेले. पाणलोट क्षेत्रातील जंगल विरळ झाले, तशी माती वाहून येऊ लागली व सरोवर उथळ झाले. दुसरीकडे, किनाऱ्यालगत वाहणारी वाळू मुखाशी साचत गेली आणि समुद्राकडे जाणारी वाट लांब व अरुंद झाली. खारे पाणी येईना. गोड्या पाण्यातील तण माजले. समुद्रातून सरोवरात येणाऱ्या माशांची वाटच जणू अडली. 1999-2000 या वर्षी सबंध सरोवरातून जेमतेम 1,700 टन मासळी निघाली. त्यातच कोळंबीच्या व्यापारासाठी बांध व जाळी घालून पाणी अडवणाऱ्या ‘घेरी’ वाढल्या आणि परंपरागत मच्छीमारांशी संघर्ष पेटला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिल्कापासून 1,000 मीटरच्या आत कोळंबी-शेतीस मनाई केली. पण प्रश्न मिटला नाही.

सरोवराचे मुख कोणी खोदावे, डोंगरावरची माती कोणी धरावी आणि पक्ष्यांची शिकार कोणी थांबवावी? ही कामे एकाच हाताने होण्याजोगी नव्हती. राज्य शासनाने 1991 मध्ये चिल्का विकास प्राधिकरण स्थापन केले, तेव्हा त्यापुढे हाच पेच होता. 1993 मध्ये चिल्काचे नाव रामसरच्या धोक्यातील स्थळांच्या नोंदवहीत गेले. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने प्रतिकृतींच्या साहाय्याने भरती-ओहोटीचा अभ्यास केला. त्यानंतर सप्टेंबर 2000 मध्ये वाळूचा दांडा कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्राकडील वाट सुमारे 18 किलोमीटरने कमी झाली.

मुख उघडणे हे डोळ्यांत भरणारे काम. पण त्याहून चिकाटीचे काम डोंगरउतारावर चालले होते. पश्चिमेकडील खेड्यांत लहान लहान पाणलोटांचे आराखडे ग्रामस्थांनाच बरोबर घेऊन तयार झाले. मंगलाजोडी या गावाची कथा तर लक्षणीय आहे. तेथे पक्ष्यांची शिकार हा अनेकांचा धंदा होता. त्यांच्यापैकीच काही जण श्री महावीर पक्षी सुरक्षा समितीत एकत्र आले आणि पूर्वीचे शिकारी होडीतून पर्यटकांना पक्षी दाखवू लागले. पक्ष्यांच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणास ठाऊक असणार!

2001-02 मध्ये मासळीचे उत्पादन सुमारे 12,000 टनांवर पोहोचले. 2002 मध्ये धोक्याच्या नोंदवहीतून चिल्काचे नाव वगळण्यात आले. आशियातील हे पहिलेच उदाहरण. त्याच वर्षी या कार्यास रामसर पुरस्कारही लाभला.

मात्र वाळू थांबत नाही. मुखाची जागा सरकत राहते. 2019 च्या फनी चक्रीवादळाने दांड्यात नवी मुखे पाडली. घेरी हटवल्या, तरी पुन्हा उभ्या राहतात. म्हणून मुखाची, गाळाची आणि पाण्याच्या खारटपणाची मोजणी सतत करावी लागते.

विचार करा
चिल्काचे मुख उघडले असते, पण डोंगरावरील खेड्यांचा सहभाग मिळाला नसता, तर काय झाले असते? आपल्या परिसरातील एखाद्या तळ्यात पाणी कोठून येते, याचा शोध घेऊन पाच-सहा वाक्ये लिहा.